वास एकीचा, श्वास घरभराचा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय एकोणतीस. घरात नवरा, नऊ महिन्यांची मुलगी आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई, ज्यांना ताई आत्याबाई म्हणतात. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून कूलर कोपऱ्यात झाकून ठेवलेला. ताई घरीच ब्लाऊज शिवतात आणि दुपारी मशीनवर बसलं की त्यांचं डोकं ठणकतं. पाडव्याला पुण्याच्या बहिणीनं त्यांना एक छोटा डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकून त्याची वाफ खोलीत सोडणारं यंत्र, आणि पेपरमिंट तेलाची बाटली दिली.

त्या लिहितात, "वाटीभर पाण्यात घर गार होतं, म्हणून रात्री आठ-दहा थेंब टाकून तो मी लेकराच्या झोळीजवळ लावते. मला फार बरं वाटतं. पण आत्याबाई म्हणतात, त्या वासानं माझा जीव घाबरतो. त्यांना माझं नवीन काहीच पटत नाही. मालक म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. तेल तर झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होणार? लेकराला सर्दी झाली की दोन थेंब दुपट्याला लावा, असं एका व्हिडिओत सांगितलंय, ते करावं का? पोटात गॅस झाला तर पाण्यातून एखादा थेंब घ्यावा का? आणि आत्याबाईंचं ऐकू की दुर्लक्ष करू?"

प्रिय ताई,

बाकीचं सावकाश बोलू. आधी एवढं करा: आज रात्रीपासून डिफ्यूझर लेकराच्या खोलीत लावू नका. आणि दुपट्याला थेंब लावायचा विचार सोडून द्या.

तुम्ही काही वाईट केलंय म्हणून हे सांगत नाही. लेकरू गार झोपावं म्हणूनच तुम्ही तो झोळीजवळ ठेवलात, हे पत्रातून दिसतं. पण पेपरमिंटमधलं मेंथॉल अगदी लहान बाळाच्या नाकातोंडाशी गेलं, तर त्याचा घसा एकदम आवळला जाऊ शकतो आणि काही क्षण श्वास अडतो. हा बाळाच्या शरीराचा आपोआप होणारा प्रतिसाद आहे. मोठ्या माणसाला ज्यानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, त्याच गोष्टीनं तान्ह्याचा श्वास थांबू शकतो. म्हणूनच युरोपात औषधांची तपासणी करणारी संस्था दोन वर्षांखालच्या मुलांसाठी पेपरमिंट तेल वर्ज्य सांगते. सगळ्यात मोठा धोका नाकाखाली, चेहऱ्यावर किंवा छातीवर लावण्याचा. डिफ्यूझरच्या वाफेतून तेवढी मात्रा जात नाही. तरी बंद खोली, दहा थेंब, हाताच्या अंतरावर झोळी आणि रात्रभर तीच हवा, असा सगळा हिशेब मांडला की बाळाच्या पदरात फायदा एकही पडत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा चार महिन्यांचा होता. सर्दीनं बेजार. घरातल्याच एका मोठ्या माणसानं मायेनं बोटभर बाम त्याच्या नाकाखाली लावला. लेकरू रडत होतं ते एकदम गप्प झालं. तोंड उघडं, छाती वर आलेली, आवाज नाही. ओठांभोवती निळसर झाक आली. बहिणीनं त्याला उचलून ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि मग त्यानं श्वास घेतला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. पण त्या घरात बामची डबी पुन्हा कधी खाली राहिली नाही. तुमची मुलगी आजवर ठीक राहिली, हे चांगलंच झालं. मात्र तेवढ्यावरून पुढचं ठरवू नका.

आता तुमच्या "झाडपाल्याचं तर आहे" या वाक्याकडे येते. हे वाक्य मला दर आठवड्याच्या टपालात भेटतं, म्हणून जरा थांबून सांगते. पुदिन्याचा शंभर किलो ओला पाला भट्टीत चढवला, तर तेल निघतं साधारण अर्धा किलो. म्हणजे तुमच्या दहा मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटलीत जवळपास दोन किलो पाला कोंडलेला आहे. तुम्ही रात्री टाकता ते दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर, शंभर ग्रॅम पाल्याचा अर्क. बाजारातली एक अख्खी जुडी! ती जुडी तुम्ही चटणीत घातली, तर चार माणसं दोन दिवस खातील. इथे तिचा सगळा उग्रपणा दोन-चार तासांत एका खोलीच्या हवेत जातो, आणि ती हवा तान्ही मुलगी आणि दम्याची म्हातारी दोघी ओढतात. धोतराही झाडच आहे, ताई. पाल्यातून आलं की परसातून आलं, हे पाहण्याआधी किती आलं आणि कुणाच्या अंगात गेलं, ते पाहायचं.

शिवाय आपला चटणीचा पुदिना आणि पेपरमिंट एक नव्हेत. आपल्याकडे कुंडीत लावतात तो बहुतेक गोडसर वासाचा पुदिना. त्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन, आणि त्यानं गार वाटत नाही. पेपरमिंट हे त्या पुदिन्याचं आणि पाणथळ जागी उगवणाऱ्या दुसऱ्या पुदिन्याचं संकरित रोप. त्याच्या तेलात साधारण तीस ते पंचावन्न टक्के मेंथॉल असतं. तिसरा आहे जपानी पुदिना. उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूँकडे 'मेंथा' म्हणून एकरच्या एकर पिकतो तो हाच. त्याच्या तेलात मेंथॉल सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं, ते स्वस्तही पडतं, आणि पुष्कळदा नुसतं 'मिंट ऑइल' म्हणून विकलं जातं. तुमच्या बाटलीवर बारीक अक्षरात रोपाचं शास्त्रीय नाव असेल. 'मेंथा पायपेरिटा' असेल तर पेपरमिंट, 'मेंथा आर्व्हेन्सिस' असेल तर जपानी. नुसतंच 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल, तर ते बनवलेलं अत्तर आहे, ते उपायासाठी वापरूच नका. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दिवसभर ठेवा. खरं तेल उडून जातं. भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग मागे राहिला, तर त्यात कुणीतरी खाण्याचं तेल मिसळलं आहे.

आता गारव्याचं. इथे मला तुमची समजूत अलगद सोडवायची आहे, कारण आपल्या भागात हा प्रश्न नुसत्या सुखाचा नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि डोक्यावर पत्रा. पेपरमिंटनं घर गार होत नाही. गार वाटतं, एवढंच. आपल्या कातडीत आणि नाकाच्या आतल्या मज्जातंतूंत थंडी ओळखणारी एक कळ असते. खरा गारवा लागला की ती दाबली जाते. मेंथॉल तीच कळ थंडी नसतानाही दाबतं. ही कळ २००२ मध्ये सापडली. ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांना उष्णता आणि स्पर्श शरीराला कसे कळतात, या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेही असंच. हवा तेवढीच जाते, पण ती गार लागते म्हणून जास्त गेल्यासारखी वाटते.

राहिली डिफ्यूझरची वाफ. पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, हे खरं, कूलर त्यावरच चालतो. पण हिशेब करून बघा. तुमच्या डिफ्यूझरमध्ये शंभर मिलिलिटर पाणी मावत असेल आणि ते चार तास पुरत असेल, तर तो खोलीतून जेमतेम सतरा वॉट उष्णता ओढतो. शांत पडलेल्या एका मोठ्या माणसाच्या अंगातूनच जवळपास शंभर वॉटच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर पडते. खोलीत तुम्ही चौघं. कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी उडवतो, तेव्हा कुठे खोली निवते. वाटीभर पाण्यात ते होणार नाही.

आणि फसवा गारवा उन्हाळ्यात नडतो. अंग तापलेलं असतं, पण कातडीला गार वाटतं, म्हणून माणूस पाणी प्यायला उठत नाही, सावलीला जात नाही. उन्हातून आल्यावर अंगभर पेपरमिंट चोळून घेणाऱ्या शेतकरी बांधवांनाही माझं हेच सांगणं आहे. उष्माघाताच्या माणसाला तेल चोळू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला. तो बरळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर १०८ ला फोन करा.

मग पत्र्याच्या घरानं करायचं काय? मी जुन्या माळवदाच्या घरात वाढले. भर वैशाखात त्या मातीच्या छपराखाली अंगावर पातळ चादर लागायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड छपराखाली झोपायची आपल्याकडे अनेकांना धास्ती बसली. ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांना कोण नावं ठेवील? पण पत्रा ऊन सरळ खाली सोडतो. म्हणून ते ऊन पत्र्यावरच अडवायचं. पांढऱ्या चुन्याचे दोन हात पत्र्यावर मारले, तर आतल्या उकाड्यात चांगला फरक पडतो. चुना धरून राहावा म्हणून त्यात डिंक कालवतात. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला ओलं बारदान टांगा आणि समोरचं दार उघडं ठेवा. बारदान भिजवायला भाजी धुतलेलं पाणी चालतं. कूलरला लागतं त्याच्या मानानं ते किती थोडं! लेकराची झोळी पत्र्यापासून जितकी खाली घेता येईल तितकी घ्या. गरम हवा वर साठते.

आता तुमचं डोकं. त्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय, "वास घेतला की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा ठणकतं." रोज दुपारी त्याच वेळी ठणकणारं डोकं काहीतरी सांगत असतं. तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला हा आपला जिल्हा. पाणी जपायची सवय हाडात मुरली आहे, आणि मी घरोघरी पाहते, बाई सगळ्यात आधी स्वतःच्या पिण्याला कात्री लावते. त्यात तुम्ही अंगावर पाजता. मशीनवर बसण्याआधी एक तांब्या पाणी, मध्ये ताक किंवा ज्वारीची आंबील, असं आठवडाभर मोजून करा. फार घाम आलेल्या दिवशी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते दिवसभरात घोट घोट घ्या. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करावे लागत असतील, तर नंबर तपासा. रात्री लेकरू किती वेळा उठवतं, तेही धरा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. आशाताईंना सांगितलं, तर त्या सोबत येतील. बाळंतपणानंतर रक्त कमी असणं आपल्याकडे इतकं घरोघरचं आहे, की बायका त्याला दुखणंच मानत नाहीत. डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत ताप आणि मान ताठ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हातपाय लुळे वाटले, तर मात्र कुठलंही तेल हातात न घेता सरळ दवाखाना.

हे झालं म्हणजे पेपरमिंट कुचकामी ठरत नाही. १९९६ मध्ये जर्मनीत ताणानं दुखणाऱ्या डोक्यावर एक तपासणी झाली. पेपरमिंट तेलाचं दहा टक्क्यांचं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावलं, तेव्हा पॅरासिटामॉलच्या हजार मिलिग्रॅमच्या मात्रेएवढा आराम मिळाला. म्हणजे तुम्हाला बरं वाटतं ते मनाचे खेळ नाहीत. फक्त तो उपाय कपाळापुरता होता. घरभर नव्हता.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीपाशी येतं. चहा नको असला, तर माणूस कप बाजूला सारतो. वास बाजूला सारता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात तुम्ही घेतलेला वास सासूबाईंनाही घ्यावा लागतो आणि लेकरालाही. म्हणून वास ज्याला हवा, त्याच्यापुरता ठेवायचा, आणि त्याला डिफ्यूझर लागतच नाही. सुती रुमालाच्या कोपऱ्याला एक थेंब लावा, तो कोपरा आत घडी घाला, मशीनजवळ ठेवा. डोकं जड झालं की वीतभर अंतरावरून दोन-चार श्वास घ्या आणि रुमाल झाकणाच्या डबीत बंद करा. खिडकी उघडी, लेकरू दुसऱ्या खोलीत. त्याला घ्यायच्या आधी हात साबणानं धुवा, आणि तो रुमाल पदराला कधी बांधू नका. पाजताना तुमचा पदर, गळा, छाती हेच लेकराचं जग असतं. तिथे या वासाचं बोटही लागायला नको. कपाळाला लावायचं म्हटलं तरी तेच, तुमचं कपाळ लेकराच्या तोंडापासून किती दूर असतं? म्हणून ते मूल दोन वर्षांचं होईपर्यंत राहू द्या.

ज्या वाचकांच्या घरात तान्हं मूल नाही, त्यांच्यासाठी प्रमाण सांगते. हे तेल कोरं कधीही अंगाला लावू नये. एक चहाचा चमचा खोबरेल, तीळ किंवा करडईचं तेल घ्या आणि त्यात दोन-तीन थेंब मिसळा. करडई आपल्या घाण्यावर ताजी मिळते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. लाल झालं नाही तरच कपाळाला लावा, आणि डोळ्यांपासून दूर. अंगावर कोरं तेल सांडून आग झाली, तर आधी खाण्याच्या तेलाच्या बोळ्यानं पुसा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं ते पसरतं. डोळ्यात गेलं तर मात्र स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवत राहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. डिफ्यूझर लावायचाच असेल, तर घरातल्या प्रत्येकाला विचारून, उघड्या खिडकीच्या खोलीत, दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं, आणि बंद. तो लावून झोपी जाऊ नये. दिवस राहिलेल्या बाईनं पहिले तीन महिने यापासून लांब राहावं. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर नकोच, मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत. कूलरच्या टाकीतही थेंब टाकू नका. तेल पाण्यात विरत नाही, ते वर तरंगतं, ताटीत मुरतं, आणि वारा घरभर तोच वास फेकत राहतो.

लेकराच्या सर्दीला साधा उपाय पुरतो. औषधाच्या दुकानात लहान मुलांसाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, नाकाचे थेंब मिळतात. पाजण्याआधी ते घाला, मऊ फडक्यानं नाक पुसा, जरा उभं धरून पाजा. वाफ देऊ नका. उकळत्या पातेल्यानं भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती जखम सर्दीपेक्षा कितीतरी मोठी असते. लेकरू शांत असताना पोटाची हालचाल एक मिनिटभर मोजा. या वयात मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास होत असतील, श्वासासोबत बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ते पीत नसेल, तर रात्रीची वाट न बघता दाखवा.

तेल पोटात घ्यायचं नाही, एक थेंबही नाही. पोटाच्या एका जुनाट विकारासाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात, पण त्यांच्यावर असं वेष्टण असतं की त्या आतड्यात गेल्यावरच फुटतात. कोऱ्या थेंबानं घसा आणि जठर जळतं, आणि अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडून छातीत जळजळ वाढते. गॅसला ओवा आहे, पुदिन्याची पानं आहेत, चटणी खुशाल खा. बाटली मात्र लेकराचा हात पोहोचणार नाही अशा उंच, बंद जागी ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मुलगी धरून उभी राहायला लागेल. कधी तेल तिच्या पोटात गेलंच, तर ओकारी काढू नका. ओकताना तेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

जाता जाता अमृतधारेबद्दल, कारण आपल्या कितीतरी घरांत ती असते. पुदिन्याचं सत, ओव्याचं सत आणि भीमसेनी कापूर, तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत घालून ठेवले की विस्तवाशिवाय आपोआप पाणी होतं. लहानपणी मला ती जादूच वाटायची. त्यातही मेंथॉल आहेच, आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून तीही त्याच उंच फळीवर.

आता आत्याबाई. तुम्ही विचारलंत, ऐकू की दुर्लक्ष करू. ताई, तुम्ही हा सासू-सुनेचा वाद धरून चालला आहात. त्या "मला आवडत नाही" म्हणाल्या असत्या, तर मीही तसंच धरलं असतं. पण त्या म्हणतात, जीव घाबरतो. दम्याच्या माणसाची श्वासनळी आधीच चिडलेली असते, आणि कुठल्याही उग्र वासानं ती आवळते. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, तसंच हे. त्यांना श्वासनळी वगैरे शब्द ठाऊक नाहीत. त्यांच्याकडे जो शब्द आहे, तो त्यांनी वापरला, आणि तो अगदी नेमका आहे. त्यांचा तुमच्या नव्या गोष्टींना विरोध असेलही. पण या एका बाबतीत त्या स्वतःच्या छातीबद्दल बोलत आहेत, आणि ती त्यांनाच कळते.

तेव्हा आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच म्हणा, "आत्याबाई, त्या वासानं तुम्हाला श्वासाचा त्रास होत होता, ते माझ्या ध्यानात आलं नाही. बंद केलं मी ते." मालकांनाही बोलावून घ्या. घरातल्या हवेचा प्रश्न "तुमचं तुम्ही बघा" म्हणण्यासारखा नाही, त्यांचीही आई आणि लेक तीच हवा घेतात. मग त्याच बैठकीत एक गोष्ट तुम्हीही मागा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की न्हाऊ घातल्यावर आत्याबाई लेकराला ओवा-वावडिंगाची धुरी देतात. माया तीच आहे, तुमच्या डिफ्यूझरमागेही आणि त्यांच्या शेगडीमागेही. पण निखाऱ्याचा धूर लेकराच्या छातीला बरा नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या दम्यालाही नाही. तुम्ही डिफ्यूझर उचलून ठेवलात, तर त्यांना शेगडी बाजूला ठेवणं सोपं जाईल. ओवा हवाच असेल, तर त्या कोरडा भाजून पुरचुंडी स्वतःच्या उशाशी ठेवू शकतात. लेकराला न्हाल्यावर कोरडं पुसून उबदार दुपट्यात गुंडाळलं की पुरे.

आठ दिवस असे जाऊ द्या. आत्याबाईंना रात्री किती वेळा उठून बसावं लागतं आणि पंप किती वेळा घ्यावा लागतो, ते कॅलेंडरवर रोज सकाळी लिहा. शेजारीच तुम्ही किती तांबे पाणी प्यायलात आणि डोकं दुखलं की नाही, तेही लिहा. ते पान आरोग्य केंद्रात जाताना सोबत न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि एक पत्र मलाही टाका. पत्र्याला चुना लावून झाला का, तेही त्यात लिहा.

तुमची,
ताई